आधी चपडी पाजा!

रंगकामात निम्मं आयुष्य वाळायची वाट बघण्यात जातं. लोकांना वाटतं, पेंटर दिवसभर ब्रश फिरवत असतो. अहो, ब्रश फिरतो अर्धा तास! मग चार तास बसा. पहिला हात वाळला की घासा, दुसरा हात मारा आणि परत बसा. त्या चार तासांत चार माणसं दुसरं काय करणार? बोलणार! आणि असं वर्षानुवर्षं बोलून जे साठतं, ते डब्याच्या झाकणावरच्या रंगासारखं असतं. खरवडायला जावं तर खालून अजून एक थर निघतो.

आमचा कारखाना जळगावात, अजिंठा रस्त्याला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. ‘कारखाना’ हा शब्द आमचा. बाकीच्यांना ते गॅरेज वाटायचं, एकदोघे पंक्चर काढायलाही येऊन गेले. आम्ही माणसं चार. नाना म्हणजे आमचे मुख्य पेंटर, धुळ्याकडच्या खेड्यातले, तीस वर्षं पॉलिश-रंगाचं काम केलेले, आणि बोलणं अस्सल अहिराणी, ‘आहे’ला ‘शे’, ‘माझी’ला ‘मनी’, ‘सगळं’ला ‘बठ्ठं’. गोविंद मिस्त्री सुतार. अक्का घासकामाला. आधी डाळ मिलमध्ये होत्या, नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन शहरातच राहिल्या आणि मिल बंद पडल्यावर आमच्याकडे आल्या. चौथा मी, प्रकाश. दुकानांचे बोर्ड रंगवायचो, पण स्वतःची स्प्रे-गन होती म्हणून नानांनी ठेवून घेतलं!

* * *

नव्वदच्या पुढचं कुठलं तरी साल. प्लायवूडचे दुकानदार पारसभाऊ आम्हाला कामं द्यायचे. एक दिवस ते टेम्पोतून नव्या प्रकारचे बोर्ड घेऊन आले. बदामी रंग, दोन्ही अंगं गुळगुळीत, ना गाठ ना रेघ.

“एमडीएफ!” पारसभाऊ म्हणाले. “आता सागवान विसरा.”

गोविंद मिस्त्रीनं बोर्ड उभा केला, आडवा केला, उलटा केला. लाकडाची रेघ बघून रंधा मारायची त्याची सवय. शेवटी वैतागून म्हणाला, “भाऊ, याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे?”

नानांनी कापलेला तुकडा घेतला. कड नखानं खरवडली. भुसा निघाला, पिठासारखा. त्यांनी तो चिमटीत धरून वास घेतला आणि निकाल दिला, “हाई लाकूड नई शे. हाऊ लाकूडना भरडा शे!”

“नाना, परदेशात सगळे हेच वापरतात,” पारसभाऊंनी समजावलं.

नानांनी तुकडा खाली ठेवला, हात झटकले आणि अगदी कळवळून विचारलं, “का बरं? त्यासना देशमा झाडं नईत का?”

* * *

पहिलं काम मिळालं सुरेशभाऊंच्या सलूनचं. आरशांखाली लांबलचक कपाट, त्याला अकरा दारं. दसऱ्याला नवं सलून उघडायचं होतं.

नानांचा हिशेब सरळ होता. हे लाकूड नाही ना? मग लाकडाचा ऑइल प्रायमर कशाला? भिंतीचा पाण्यातला प्रायमर लावा! त्या दिवशी आमच्यातल्या एकालाही यात काही चूक वाटली नाही, हे मी आजही कबूल करतो. लावला. वर पांढरा रंग मारला. दिसायला झकास!

दसऱ्याला नारळ फुटला. पाचव्या दिवशी सुरेशभाऊ सायकलवर आले. सायकल स्टँडवर लावलीच नाही, भिंतीला टेकवली.

आम्ही चौघं गेलो. कपाटाच्या कडा पुरीसारख्या फुगल्या होत्या. प्रायमरमधलं पाणी कडांनी प्यायलं, आतले तंतू ताठ उभे राहिले आणि रंगाखालून बारीक बारीक काटे वर आले होते. हात लावला की खरखर!

दुकानात तीन गिऱ्हाइकं फेस लावून बसलेली. सुरेशभाऊंनी हातातला वस्तरा कपाटाकडे रोखला आणि म्हणाले, “नाना, लोक माझ्याकडे दाढी काढायला येतात. तुम्ही माझ्या कपाटालाच दाढी आणून दिली!”

फेस लावलेली तिन्ही तोंडं हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी स्वतः पेचकस घेतला, अकराच्या अकरा दारं उतरवली आणि हातगाडीवर रचली. भर बाजारातून ती गाडी नाना स्वतः ढकलत होते. आम्ही हात लावायला गेलो तर म्हणाले, “नको. मनी चूक शे.”

* * *

त्यानंतर कारखान्यात परीक्षा सुरू झाली. विषय एकच: कड!

बोर्डाचं अंग शहाणं होतं. ते रंग बेतानं घ्यायचं. पण जिथे करवत चालली, ती कड म्हणजे टीपकागद. मी ऑइल प्रायमर घट्ट करून लावला. प्यायली. दुसरा हात. प्यायली. पाचव्या हातापर्यंत नाना शेजारी बसून बघत होते. पाचवाही गडप झाल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला, “पी गया! बठ्ठा पी गया! हाई कड नई, बेवडा शे!”

गोविंदनं पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लावला. कड बंद झाली खरी, पण त्यातल्या पाण्यानं पुन्हा थोडी दाढी आलीच. मी लांबी भरून पाहिली. लांबी म्हणजे आमचं खडूचं आणि तेलाचं पुट्टीकाम. ती घासताना कोपऱ्यावरून टवके उडाले. आठ दिवस असेच गेले. अकरा दारं भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होती.

नवव्या दिवशी अक्का तुकड्यांचा ढीग आवरत होत्या. एक तुकडा हातात घेऊन तिथेच थांबल्या. कडेवरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

“नाना, याला काय लावलंय? इथं हात अडकतो आणि इथं घसरतो.”

आम्ही बघितलं. त्या कडेवर पिवळसर डाग होता. जवळच नानांची पॉलिशची बाटली ठेवलेली असायची. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, म्हणजे लाख. ती कधी तरी सांडली होती. नानांनी त्या डागावर प्रायमरचा ब्रश ओढला. डागाबाहेरचा प्रायमर बघता बघता आत गेला. डागावरचा जागच्या जागी चकाकत राहिला!

नानांनी कापडाचा बोळा केला, चपडीत बुडवला आणि एका दाराच्या खरवडून सपाट केलेल्या चारी कडांवर फिरवला. स्पिरिट उडून जातं, पाण्याचा प्रश्नच नाही. दहा मिनिटांत वाळलं. अक्कांनी बारीक पॉलिश पेपरनं घासलं. दुसरा बोळा, परत घासणं. मग ऑइल प्रायमर, घासणं, परत प्रायमर. तिसऱ्या दिवशी त्या दारावर पांढरा रंग चढला, तेव्हा अंग कुठे संपलं आणि कड कुठे सुरू झाली, ते डोळ्यांना सांगता येईना.

“अक्का, तुम्हाला हे सुचलं कसं?” मी विचारलं.

“त्यात काय सुचायचंय? मिलमध्ये तुरीलाही आधी तेल पाजतात, मगच ती साल सोडते. ज्याला तहान आहे, त्याला आधी पाजावं. मग तो आपलं ऐकतो.”

दारं सलूनमध्ये परत बसली. सुरेशभाऊंनी कडेवरून आधी सुलटा हात फिरवला, मग उलटा. मग आरशात बघत स्वतःचा गाल चाचपला आणि म्हणाले, “नाना, बसा खुर्चीवर. आज तुमची दाढी माझ्याकडून!”

* * *

आमच्या शेजारी रहीमभाई राहायचे. त्यांच्याकडे एक पांढरी शेळी होती. एका दुपारी आम्ही गुलाबी प्रायमर मारलेली दोन मोठी दारं समोरासमोर उभी करून वाळत ठेवली. मधे हातभर जागा. शेळीला तीच जागा सावलीची वाटली!

ती आत शिरली, पाठ खाजवली, वळायला जागा नाही म्हणून दुसऱ्या अंगानंही खाजवली आणि मागच्या मागे बाहेर पडली. दोन्ही बाजूंनी गुलाबी.

आम्ही घाबरलो. नाना स्वतः रहीमभाईंकडे माफी मागायला गेले. रहीमभाई रागावले थोडे, पण शेळी ठणठणीत होती, प्रकरण तिथंच मिटलं. दारांवर मात्र शेळीचे केस चिकटले होते. ते आम्ही दोन दिवस घासत होतो.

महिन्याभरानं रहीमभाई आमच्या दारात हजर. सोबत शेळी.

“नानासाहेब,” ते म्हणाले, “चरायला दीडशे शेळ्या जातात. महिनाभर माझी शेळी मला फर्लांगावरून ओळखू येत होती. आता रंग उडत चाललाय. दुसरा हात कधी मारता?”

* * *

मग आमचं नाव झालं. जळगावात कुठेही या बोर्डाचं काम निघालं की लोक म्हणायचे, ‘चपडीवाल्यांना बोलवा.’ पारसभाऊंचं डोकं व्यापाऱ्याचं. त्यांनी दुकानाच्या दारात पाण्यानं भरलेली काचेची बरणी मांडली. तिच्यात दोन तुकडे. एक आम्ही चपडी आणि प्रायमर लावलेला, दुसरा कोरा. कोरा तुकडा दोन दिवसांत पावासारखा फुगायचा. आमचा जसाच्या तसा! गिऱ्हाईक आलं की पारसभाऊ काही बोलायचे नाहीत. नुसतं बरणीकडे बोट दाखवायचे.

एकदा चोपड्याकडचे एक आबा आले. धोतर, टोपी, हातात काठी. बरणीपुढे उकिडवे बसून त्यांनी दोन्ही तुकडे बराच वेळ न्याहाळले. पारसभाऊ खूश.

“हे दोन्ही आधी सारखेच होते?” आबांनी विचारलं.

“अगदी सारखे, आबा! फरक फक्त लेपाचा.”

“आणि हा पाण्यानं एवढा फुगला?”

“दोन दिवसांत!”

आबा उठले. काठीनं कोऱ्या तुकड्याकडे खूण केली. “मला हाच द्या. गुरांच्या हौदाला भोक पडलंय. काय ठोकलं तरी गळतं.”

मी तिथेच उभा होतो. पारसभाऊंच्या तोंडावर क्षणभर दुःख दिसलं. क्षणभरच! मग त्यांनी पट्टी उचलली आणि विचारलं, “भोक किती इंची आहे, आबा?”

* * *

आमचं नाव झाल्यावर एका रंग कंपनीनं मुंबईहून तज्ज्ञ पाठवला. मे महिना, जळगावचं ऊन, आणि हा माणूस टाय लावून! सोबत बॅग, बॅगेत बॅटरी आणि भिंग. आमच्याकडचा एक पांढरा शटर, म्हणजे कपाटाचं दार, त्यानं उजेडात धरला, बॅटरी तिरपी मारली, भिंगातून इंचाइंचानं बघितला. वीस मिनिटांनी म्हणाला, “परफेक्ट! एकही दोष नाही.”

आमच्या छात्या फुगल्या. पारसभाऊंनी तर सरबत मागवलं.

अक्का कोपऱ्यात दुसरं दार घासत होत्या. त्या उठल्या, पदराला हात पुसले, डोळे मिटले आणि शटरवरून तळवा फिरवला. मधोमध थांबल्या.

“इथं आहे.”

“काय आहे?” साहेब म्हणाले.

“काय ते तुम्ही बघा. पण आहे.”

साहेबांनी परत भिंग लावलं. काही दिसेना. नानांनी कापड थिनरमध्ये जरासं ओलं करून त्या जागेवरून पुसलं आणि शटर उन्हात तिरपा धरला. ओल्या चकाकीत एक रेघ उमटली, केसाएवढी. प्रायमर घासताना पेपरखाली एखादा कण आला असणार.

साहेबांनी टाय सैल केला. भिंग बॅगेत ठेवलं. मग एकदम आदरानं विचारलं, “मॅडम, तुम्ही ट्रेनिंग कुठं घेतलं?”

“डाळ मिलमध्ये,” अक्का परत घासायला बसत म्हणाल्या. “खडे निवडायला!”

* * *

आणि हे धुळ्याचं.

धुळ्याला एक डॉक्टरबाई नवं प्रसूतिगृह काढत होत्या. बाई कडक. आवाज असा की वॉर्डबॉय चप्पल हातात घेऊन चालायचे. बावीस पांढरी कपाटं आमच्याकडे दिली. आखाजीला उद्घाटन. आम्ही तिथेच मुक्काम टाकून काम केलं आणि आखाजीच्या दोन दिवस आधी शेवटचा हात मारला.

नानांची पिशवी भरून तयार होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येण्याचा सण. नानांच्या तिन्ही लेकी गावी येऊन बसल्या होत्या. झोके बांधायचे राहिले होते.

तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “कपाटं पालथी करा.”

“काय?”

“तळाला काही लावलेलं नाही. खालच्या कडा कोऱ्याच आहेत.”

गोविंदनं हात जोडले. बावीस कपाटं! एकेक उचलायला तीन माणसं. नाना तर भडकलेच, “अक्का, खाले कोन देखाव शे? कोन वाकीसन देखस?”

“माणूस नाही बघणार,” अक्का म्हणाल्या. “पण इथं रोज दोनदा फरशी धुणार. पाणी बघेल.”

नानांनी पिशवीकडे बघितलं. मग अक्कांकडे. मग पिशवी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई फेरीला आल्या आणि दारातच थबकल्या. उद्या उद्घाटन, पाहुणे येणार, आणि वॉर्डभर बावीस कपाटं पाय वर करून पडलेली!

“हा काय तमाशा आहे?” बाई कडाडल्या. “कोणी सांगितलं हे?”

अक्का पुढे व्हायला लागल्या. नाना त्यांच्या आधी बोलले, “मी सांगं, बाई. उद्या बठ्ठं उभं राही.”

चपडी, घासणं, प्रायमर, परत घासणं, प्रायमर. आखाजीच्या सकाळी सात वाजता शेवटचं कपाट उभं राहिलं. नाना एस.टी.च्या टपावर बसून गेले म्हणतात. लेकींनी झोके शेजाऱ्याकडून बांधून घेतले होते. नाना सांगायचे, तिघी दिवसभर बोलल्या नाहीत.

मग पावसाळा आला. श्रावणात एका दुपारी पारसभाऊंच्या दुकानातला फोन वाजला. डॉक्टरबाई! “वरच्या टाकीचा पाइप फुटला. पहाटेपासून वॉर्डात घोटाभर पाणी आहे. पेंटर, सुतार, सगळ्यांना ताबडतोब पाठवा.” आणि फोन कट.

आम्ही चौघं धुळ्याच्या एस.टी.त बसलो. माझ्या डोळ्यांपुढे बावीस फुगलेली कपाटं होती. गोविंद मनातल्या मनात काय काय परत बनवावं लागेल ते बोटांवर मोजत होता. पारोळा गेल्यावर नाना एवढंच म्हणाले, “तठे मीच बोलसू. तुम्हीन कोनी तोंड उघडू नका.”

प्रसूतिगृहाच्या अंगणात आलो. सगळीकडे भिजलेलं सामान. गाद्या उन्हात टाकलेल्या. दुसऱ्या कुणीतरी केलेली प्लायवूडची दारं, त्यांचे पापुद्रे वह्यांच्या पानांसारखे सुटलेले. बाईंचं सागवानी टेबल तिथेच, त्याचा खण अर्धा उघडून अडकलेला. आमची कपाटं मात्र कुठे दिसेनात.

“फेकी दिधात का?” नाना पुटपुटले.

डॉक्टरबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. “आत या.”

आत गेलो. फरशी नुकतीच कोरडी केलेली. भिंतीला लागून बावीस कपाटं उभी होती. आखाजीला ठेवली होती तशीच, रांगेत, पांढरी शुभ्र. भिंतीवर पाण्याची रेघ दिसत होती, घोट्याच्या उंचीवर. तीच रेघ कपाटांवरही होती. एका बाईनं आमच्यासमोर ओलं फडकं फिरवलं आणि कपाटावरची रेघ पुसून गेली.

“उघडा,” डॉक्टरबाई गोविंदला म्हणाल्या.

गोविंदनं सगळ्यात खालचं दार धरलं. दार उघडलं. आवाजसुद्धा आला नाही.

त्यानं दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. मग तो धावतच सुटला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघड-बंद, उघड-बंद! खाटांवरच्या बाळंतिणी हसायला लागल्या. एक तान्हं दचकून रडायला लागलं.

“बाहेरचं सगळं सामान घेऊन जा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “टेबल, दारं, सगळं. या कपाटांसारखं करून आणा. त्यासाठी बोलावलंय.”

आम्हाला हे समजायला जरा वेळ लागला. मग मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम.

“आणि मला एक सांगा,” बाई नानांकडे वळल्या. “त्या दिवशी मी तुम्हाला खूप बोलले. कपाटं पालथी घालायची अक्कल तुमचीच ना?”

तीस वर्षं या कामात मुरलेला पेंटर. जळगाव-धुळ्यात नाव. नानांनी टोपी काढली, परत घातली.

“मनी नई, बाई,” ते म्हणाले. “अक्कानी शे. आमना मिस्त्री तीच शे.”

डॉक्टरबाईंनी अक्कांकडे नीट बघितलं. मग स्वतःच्या हातानं खुर्ची ओढली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, “बसा मिस्त्री. चहा येतोय.”

अख्खा वॉर्ड बघत होता. नर्स ट्रे घेऊन आली. अक्का बसल्याच नाहीत. त्या शेवटच्या कपाटापाशी गेल्या, गुडघे टेकले, डोकं फरशीला लावून खाली बराच वेळ बघत राहिल्या. मग मान वळवून मला म्हणाल्या,

“मागच्या कोपऱ्यात प्रायमर जरा कमी बसलाय रे प्रकाश. ब्रश आणलास ना?”